मधमाशांचं स्टूल

मनूला मधमाशी चावली तेव्हा दुपारचे सव्वादोन वाजले होते आणि पाळणाघरातली बाकीची दहा पोरं झोपलेली होती. मनू म्हणजे मनस्विनी, चार वर्षांची. ती पाणी प्यायला उठली, अनवाणी कूलरसमोरून गेली आणि मधेच खाली बसून रडायला लागली. पाळणाघर चालवणाऱ्या राजनंदिनीनं तिला उचलून तिचा पाय उलटा करून पाहिला. तळव्यात बारीक काळा काटा रुतलेला होता. तो चिमटीत धरला तर उरलेलं विषही आत दाबलं जातं, हे तिला माहेरच्या शेतावर कळलं होतं. तिनं तो नखानं खरवडून काढला, बर्फ लावला आणि मनूला मांडीवर घेऊन अर्धा तास तिचे ओठ, डोळे आणि श्वास बघत बसली. तळवा तेवढा लाल झाला, बाकी कुठं सूज आली नाही. फरशीवर एक ओली, चुरगळलेली मधमाशी पडली होती.

मनूची आई सोनिया वाळूजच्या एका कंपनीत पॅकिंगच्या लाइनवर होती. पहिली पाळी, सात ते साडेतीन. लाइनवर मोबाइल चालत नसे, तो लॉकरमध्ये ठेवावा लागे. त्यामुळं राजनंदिनीचे तीन फोन तिला सुटल्यावरच दिसले. चार वाजायच्या आत ती रिक्षानं बजाजनगरला पोचली. तिनं आधी मनूचा पाय पाहिला, मग खिडकीबाहेरचा कूलर पाहिला. कूलरच्या गवताच्या जाळ्यांवर दीडशेएक मधमाशा बसल्या होत्या. मनूचं दप्तर खांद्याला अडकवून ती शांतपणे म्हणाली, "ह्या माशा तुम्हीच आणल्यात ना, ताई?"

राजनंदिनीला नाही म्हणता आलं नाही. माशा तिनंच आणल्या होत्या, आणि ते तिनं पालकांना कौतुकानं सांगितलंही होतं.

ती देवगाव रंगारीची. लग्न होऊन बजाजनगरला आली तेव्हा घराच्या डाव्या अंगाला मोकळ्या जमिनीची एक लांबट पट्टी होती, पुढच्या खिडकीपासून मागच्या भिंतीपर्यंत. तिथं तिनं दुधी, काकडी आणि दोडक्याचे वेल लावले. मागच्या वर्षी वेल मांडवभर पसरले, फुलंही भरपूर आली, पण फळ धरेना. इवलीशी काकडी पिवळी पडून गळून जायची. पाळणाघरात स्वयंपाकाला आणि मदतीला येणाऱ्या लक्ष्मीबाईंनी एकदा मांडवाखाली उभं राहून सांगितलं, की इथं माशीच नाय फिरकत, फळ कुठून धरंल. मग राजनंदिनी मुद्दाम माशा आणायच्या मागं लागली. कोथिंबीर आणि शेपू खुडायचे थांबवून फुलू दिले. बडीशेप पेरली, सब्जा आणि तुळशी ओळीनं लावल्या, कडेला सूर्यफुलं टोचली. किडीचं औषध मारणं बंद केलं. मागच्या भिंतीजवळचा शेवगा तर फुललेलाच होता. दिवाळीपर्यंत बाग गुणगुणायला लागली. काकड्या इतक्या लागल्या की पालक जाताना एकेक घेऊन जायचे, आणि पोरांनी मधमाशांची चित्रं काढून भिंतीवर चिकटवली.

उन्हाळा लागला आणि माशा बागेतून कूलरवर आल्या, हे तिच्या लक्षात यायला उशीर झाला. तेवढी चूक तिची होती, आणि ती तिनं मनातल्या मनात त्याच दुपारी कबूल केली.

सोनिया म्हणाली, माशा जाईपर्यंत मनूला पाठवणार नाही. त्या संध्याकाळी आणखी दोघांच्या घरून तसाच निरोप आला.

शेजारचे काकासाहेब अंधार पडायच्या आत कुंपणाशी आले. एका कंपनीच्या मेंटेनन्समधून रिटायर झालेला माणूस, कुणाचं काही बिघडलं की हातात पाना घेऊन हजर होणारा. त्यांचं स्वतःचं अंगण कडेपर्यंत फरशीचं होतं. ते म्हणाले, फवारणीवाला ओळखीचा आहे, दोन दिवसांत बोलावतो, आणि तो शेवगा तेवढा तोडून टाका, सगळं मूळ तिथं आहे. राजनंदिनीचा नवरा इंद्रजीत नुकताच कामावरून आला होता. त्यालाही ते पटलं. पोरांचा प्रश्न आहे, एकदा फवारून मोकळं होऊ, असं तो म्हणाला.

राजनंदिनीनं दोघांचंही ऐकून घेतलं आणि सांगितलं, की फवारणी नको, शेवगाही राहू दे, मला आठ दिवस द्या. काय करणार ते तिला तेव्हा माहीत नव्हतं. पण माशांना ती बागेपर्यंत आणू शकली होती, तर कूलरवरून उठवूही शकेल, याची तिला खात्री होती. पालकांच्या ग्रुपवर तिनं तसंच लिहिलं: मनूच्या पायाला मधमाशी चावली, ती आता बरी आहे, कूलरवर माशा येतात ही गोष्ट खरी आहे, आठ दिवसांत बंदोबस्त करते, तोवर मुलं आतल्या खोलीत पंख्याखाली झोपतील.

दुसऱ्या दिवशी तिनं नुसतं बघायचं ठरवलं. सकाळी आठला माशा बागेत होत्या, तुळशीवर आणि शेपूच्या छत्र्यांवर. दहाला ऊन तापलं तशी फुलांवरची गर्दी ओसरली. बारानंतर बागेत एकही माशी नव्हती, सगळ्या कूलरवर. त्या फुलांसाठी आलेल्या नव्हत्या, पाण्यासाठी आल्या होत्या. बेचाळीस अंशांच्या उन्हात आसपास ओल उरली होती ती एवढीच. पाणी पिऊन माशी उठली की सरळ घरामागच्या रिकाम्या प्लॉटकडं जाई. त्या प्लॉटच्या पलीकडच्या जुन्या भिंतीच्या भोकात त्यांचं घर होतं. आणि ज्या जाळीच्या आत शिरत, त्या भिजून जड होत. पंखा त्यांना हवेबरोबर खोलीत फेकायचा आणि त्या फरशीवर सरपटत राहायच्या. मनूच्या पायाखाली आलेली माशी अशीच आली होती.

म्हणजे शेवगा तोडून काही होणार नव्हतं. माशांना दुसरीकडं पाणी द्यायचं, एवढंच काम होतं. तिला ते सोपं वाटलं, पण पुढचे दोन दिवस तिचे वाया गेले.

पहिल्यांदा तिनं मागच्या भिंतीपाशी परातीत स्वच्छ पाणी भरून ठेवलं. दिवसभरात तिकडं एक माशी गेली आणि बुडून मेली. दुसऱ्या दिवशी तिनं पाण्यात गूळ कालवला. दुपारपर्यंत परातीला मुंग्यांची रांग लागली, दोन गांधीलमाशा घिरट्या घालायला लागल्या, आणि मधमाशा कूलरवर होत्या तेवढ्याच राहिल्या. लक्ष्मीबाईंनी परात उचलली, गुळाचं पाणी लांब नेऊन ओतलं आणि परात घासायला घेतली.

घासता घासताच त्या म्हणाल्या, "ताई, ते कूलरचं गवत बी बदलून टाका आता. लई वास मारतंय. दोन उन्हाळे झाले त्याला."

राजनंदिनी कूलरपाशी गेली आणि जाळीला नाक लावलं. गवताला कुबट, शेवाळाचा, खारट वास येत होता. तिला हसू आलं. दोन दिवस ती माशांना स्वच्छ पाणी आणि गूळ देऊ करत होती, आणि त्यांना हवा होता हा वास. माहेरी पाटाच्या कडेला माशा बसायच्या त्या चिखलावरच बसायच्या, वाहत्या पाण्यावर कधी नाही. ते लहानपणी शेकडो वेळा पाहिलेलं होतं, पण कामाला आलं ते आता.

"मावशी, गवत बदलायचं," ती म्हणाली, "पण जुनं फेकायचं नाही."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी, माशा उठायच्या आत, दोघींनी कूलर मोकळा केला. टाकी घासून धुतली, तिन्ही जाळ्यांतलं जुनं गवत काढून नवं भरलं. एका जुन्या मच्छरदाणीचे तुकडे करून कूलरला बाहेरून तिन्ही बाजूंनी ताणून बांधले, म्हणजे माशी बसली तरी गवतापर्यंत पोचणार नाही. मग राजनंदिनीनं एक लाकडी स्टूल कूलरला अगदी चिकटून ठेवलं. त्यावर घमेलं, घमेल्यात ते जुनं कुबट गवत, आणि वरच्या सज्जाच्या गजाला टांगलेली प्लास्टिकची बाटली. बाटलीच्या बुडाला सुईनं भोक पाडलं होतं. थेंब थेंब पाणी गवतावर पडत राहिलं.

पोरं आत पोचेपर्यंत माशा आल्या. नेहमीच्या जागी उतरल्या, मच्छरदाणीवर फिरल्या, चिडल्यासारख्या भणभणल्या. दहाच्या सुमाराला एक घमेल्यावर उतरली. मग चार उतरल्या. दुपारी कूलरच्या जाळीवर वीसेक माशा होत्या आणि घमेल्यात गवत दिसत नव्हतं इतक्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं स्टूल दोन पावलं मागं सरकवलं. खिडकीपासून मागच्या भिंतीपर्यंत तिनं अंतर मोजलं होतं, ते एकोणीस पावलं भरलं. माशांनी दोन पावलं चालवून घेतली. त्या कूलरशी आल्या, क्षणभर थांबल्या आणि वळून स्टुलाकडं गेल्या. बाटली टांगायला तिनं बांबू रोवला आणि तोही रोज स्टुलाबरोबर हलवायची सोय केली. आतल्या खोलीतली पोरं सकाळी खिडकीच्या गजांना लटकून बघायची, मधमाशांचं स्टूल आज कुठपर्यंत गेलं. तिसऱ्या पहाटे ते आणखी दोन पावलं गेलं. कूलरवर आता पाचसहाच माशा येत होत्या.

त्याच दिवशी सकाळी साडेदहाला काकासाहेब फवारणीवाल्याला घेऊन आले. पाठीवर पंप, तोंडाला फडकं. राजनंदिनीनं नको सांगितलं होतं, पण काकासाहेबांना वाटलं होतं की ती संकोचानं नाही म्हणते आहे. त्या माणसानं फाटकातूनच कूलरकडं नळी वळवली. राजनंदिनी बाहेर आली आणि कूलरसमोर उभी राहिली.

"काका, ह्यांना परत पाठवा."

काकासाहेब म्हणाले, पाच मिनिटांचं काम आहे, औषध वासाचंसुद्धा नाही.

"तुम्ही आयुष्यभर मशिनं पाहिलीत," ती म्हणाली. "हा कूलर काय करतो? बाहेरची हवा गवतातून ओढतो आणि आत फेकतो. गवतावर जे माराल ते पोरांच्या नाकात जाईल. माशीचा काटा मी नखानं काढला. हे कशानं काढू?"

काकासाहेबांनी कूलरकडं पाहिलं, मग खिडकीकडं. खिडकीत आठ तोंडं होती. त्यांना ते पटलं असावं, कारण त्यांनी फवारणीवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला चहाला स्वतःच्या घरी नेलं. पुन्हा त्यांनी फवारणीचा विषय काढला नाही.

पण तो प्रसंग राजनंदिनीला घाई करून गेला. चौथ्या पहाटे तिनं स्टूल एकदम पाच पावलं मागं नेलं. त्या दिवशी माशा स्टुलाची जुनी जागा धुंडाळत राहिल्या, तिथं काही नाही म्हटल्यावर परत कूलरवर गेल्या, आणि मच्छरदाणीच्या एका सैल कोपऱ्यातून दहाबारा आत शिरल्या. बरं की कूलरची मोठी खोली रिकामी होती. लक्ष्मीबाईंनी फरशीवरच्या माशा सुपात गोळा केल्या.

"माशीला बी सवय लागाया टाइम लागतो," त्या म्हणाल्या. "तुमची घाई तिला काय म्हाईत."

राजनंदिनीनं स्टूल तीन पावलं परत कूलरकडं आणलं, मच्छरदाणीचा कोपरा सुईदोऱ्यानं शिवून टाकला, आणि पालकांच्या ग्रुपवर लिहिलं की आठ दिवस पुरणार नाहीत, अजून पाचसहा लागतील. असं लिहायला तिला कमीपणा वाटला नाही. काम बरोबर चाललं होतं, तिचा दिवसांचा अंदाज तेवढा चुकला होता. इंद्रजीतनं तो मेसेज वाचला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे स्वतः उठून बांबू उपटून दोन पावलं मागं रोवला. त्यानंतर बांबू रोवायचं काम त्यानं सोडलं नाही.

रोज दोन पावलं. स्टूल दुधीच्या मांडवाखालून गेलं, तुळशींची ओळ ओलांडून शेवग्याच्या सावलीत शिरलं आणि अखेर मागच्या भिंतीला टेकलं. शेवटचे दोन दिवस तिनं कूलरजवळ खुर्ची टाकून बारा ते तीन मोजलं. पहिल्या दिवशी तीन माशा आल्या, दुसऱ्या दिवशी एकही नाही. भिंतीपाशी मात्र घमेलं माशांनी भरून वाहत होतं. तिनं त्याच्या दोन्ही बाजूंना आणखी एकेक घमेलं ठेवलं आणि अलीकडं कमरेइतकी जाळी ठोकून घेतली, पोरांनी तिकडं जायचं नाही म्हणून. खोलीत आणि बागेत दोन्हीकडं चप्पल घालायची, असा पोरांना नियम केला.

सोनिया तिच्या सुट्टीच्या दिवशी आली, एकटीच. बोलावलेलं नव्हतं. ऐन दुपारी दोन वाजता. तिनं दारात चपला काढल्या, मोठ्या खोलीत गेली आणि कूलरसमोर फरशीवर भिंतीला टेकून बसली. राजनंदिनीनं तिला पाणी दिलं आणि शेजारी बसली. कूलर चालू होता. पोरं अजून आतल्या खोलीत झोपत होती, तिथून कुणीतरी कूस बदलल्याचा आवाज आला. अर्धा तास दोघी बसल्या. एकही माशी आत आली नाही.

मग सोनियानं सांगितलं की हे दिवस तिनं कसे काढले. मनूला शेजारणीकडं ठेवलं तर ती दिवसभर टीव्हीसमोर बसायची आणि संध्याकाळी जेवायची नाही. दोन दिवस सोनियानं खाडे केले. सुपरवायझर बोलला. तरी इथं आणायचा धीर होत नव्हता, कारण प्रत्येक वेळी मनूचा तो लाल तळवाच डोळ्यांपुढं यायचा.

"तू त्या दिवशी विचारलंस ते बरोबर होतं," राजनंदिनी म्हणाली. "माशा मीच आणल्या. उन्हाळ्यात त्यांना पाणी लागेल हा विचार मी केला नाही. मनूच्या पायाला लागलं ते माझ्यामुळं लागलं."

सोनियानं पुष्कळ काही बोलायचं ठरवून आणलं होतं, ते आता बोलायची गरज राहिली नाही असं तिच्या चेहऱ्यावरून दिसलं.

"मग आता त्या घालवल्यात का नाहीत?" तिनं विचारलं. "ठेवल्यात कशाला?"

"चल, दाखवते."

दोघी बागेतून मागं गेल्या. जाळीच्या अलीकडं सोनिया थबकली. तीन घमेल्यांवर शेकडो माशा होत्या. एकमेकींच्या अंगावरून चढत, गवतात सोंडा खुपसत, पाणी पिऊन एकेक उडत होती आणि प्लॉटवरून पलीकडच्या जुन्या भिंतीकडं जात होती. त्यांचं दोघींकडं लक्षसुद्धा नव्हतं. राजनंदिनीनं सांगितलं, की पाणी नेऊन ह्या आपलं पोळं गार ठेवतात. तिकडं आत त्यांची पिल्लं असतात, आणि फार तापलं तर ती मरतात. म्हणून दिवसभर ही ये-जा.

सोनिया बघत राहिली. "ह्यांची पण पाळीच आहे की," ती म्हणाली.

सोमवारी सकाळी पावणेसातला तिनं मनूला आणून सोडलं. मनू पहिला दिवस फरशीवरून टाचा उचलून चालली. दुपारी तिनं स्वतःच विचारलं की स्टूल कुठं गेलं. राजनंदिनीनं तिला कडेवर घेऊन जाळीपाशी नेलं आणि लांबून दाखवलं. मनूनं पाहिलं आणि पाय घट्ट पोटाशी ओढून घेतले. राजनंदिनी तिला लगेच परत घेऊन आली. चौथ्या दिवशी मनू चालत जाळीपर्यंत गेली, तेही दुसऱ्या एका मुलीचा हात धरून, तिला माहिती सांगत.

बाकीच्या दोघांपैकी एक मूल परत आलं. दुसऱ्याचे आईवडील म्हणाले, आम्हाला रिस्क नको, आणि त्यांनी ते मूल जवळच्या दुसऱ्या पाळणाघरात घातलं. राजनंदिनीनं त्याची राहिलेली चादर आणि पाण्याची बाटली धुऊन त्यांच्या घरी पोचवली. तिला वाईट वाटलं, पण त्यांचं चुकलं असं काही तिला वाटलं नाही.

जूनच्या सुरुवातीला एक नवी बाई जागा बघायला आली. नवऱ्याची बदली होऊन ती फर्दापूरकडून बजाजनगरला राहायला आली होती आणि मुलगी अडीच वर्षांची होती. राजनंदिनीनं तिला खेळणी आणि झोपायची खोली दाखवायच्या आधी मागं नेलं, घमेली दाखवली आणि सांगितलं की इथं मधमाशा आहेत, उन्हाळ्यात त्यांना आम्ही पाणी देतो, आणि त्यांनी मुलांच्या खोलीत येऊ नये यासाठी काय काय केलंय तेही सांगितलं.

बाईनं विचारलं, "आजवर कुणाला चावलीय?"

"हो. एका मुलीला, एप्रिलमध्ये. पायाला."

बाई घरी विचारून सांगते म्हणाली आणि गेली. लक्ष्मीबाई हे सगळं स्वयंपाकघरातून ऐकत होत्या. त्या बाहेर येऊन म्हणाल्या, "एवढं सांगायची काय गरज व्हती, ताई? आता कशाला येतीय ती."

राजनंदिनी म्हणाली, "न सांगता आली असती, तर पुढच्या एप्रिलमध्ये तिला सोनियासारखंच दारात उभं राहून विचारावं लागलं असतं. आत्ताच विचारलेलं बरं." आणि ती पोरांच्या सतरंज्या घालायला मोठ्या खोलीत गेली.

तीन दिवस त्या बाईचा फोन आला नाही. चौथ्या दिवशी सकाळी ती मुलीला घेऊन दारात उभी होती. मुलीच्या पायात नवे कोरे बूट होते, एक नंबर मोठे, आणि ती ते खटखट वाजवत सरळ आत गेली.